लहान सण आणि घरचा स्वयंपाक: तुमच्याकडे काय काय होतं?

सिंहगडरोडकर

गणपती, दसरा, दिवाळी यांची मला काळजी वाटत नाही. ते सण अख्खं शहर करतं. ढोल ऐकू येतात, सुट्टी असते, मिठाईच्या दुकानापुढे रांग लागते. घरात काही नाही केलं तरी सण आलाय हे कळतंच. मी विचारतेय ते ज्यांना ना सुट्टी ना मांडव अशा सणांबद्दल. दिव्याची अवस, नागपंचमी, श्रावणी शुक्रवार, पिठोरी, ऋषिपंचमी, चंपाषष्ठी, भोगी, रथसप्तमी. हे सगळे फक्त स्वयंपाकघरात येतात. ओट्यावर काही झालं नाही तर आले कधी नि गेले कधी, पत्ता लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा सणाला एक पदार्थ पुरतो, पण तो घरी, त्याच दिवशी आणि घरातल्या सगळ्यांचे हात लागून व्हावा. डाव्या-उजव्या बाजूसकट भरलेल्या पानाचा हट्ट धरला की दोघं नोकरी करणाऱ्या घरात सण एक वर्ष होतो, दुसऱ्या वर्षी राहतो आणि तिसऱ्या वर्षी कोणाला आठवतही नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकलंय. दिव्याची अवस १२ ऑगस्टला, बुधवारी. नागपंचमी १७ ला, सोमवारी. दोन्ही ऑफिसचे दिवस. तुमच्याकडे कोणते लहान सण होतात, त्याला काय शिजतं आणि मुख्य म्हणजे कोण शिजवतं, हे लिहा. बाहेरगावाहून पुण्यात आलेल्यांनी आपल्याकडचे सण आवर्जून सांगा.

मिसळण

कांदेनवमी राहिली की यादीत! परवाच झाली. भजी, थालीपीठं, कांद्याची पीठ पेरून भाजी. आमच्याकडे चातुर्मास कोणीच पाळत नाही, पण आषाढी एकादशीच्या आधीची ही नवमी बाबांच्या लहानपणापासून कधी चुकलेली नाही.

पेठेतला

@मिसळण, चातुर्मास न पाळता कांदेनवमी करणाऱ्या घरांचा संघ काढा, सदाशिव पेठ शाखा मी सांभाळतो. :)

आमच्याकडे भजी बाबांच्या ताब्यात. कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून पाव तास ठेवायचा आणि त्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घालायचं. वरून पाण्याचा थेंब नाही. चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट आणि कडकडीत तेलाचं मोहन. कढईत सोडताना बोटांनी पसरवून सोडायची, गोळा करून नाही. मग ती खेकड्यासारखी पाय पसरून तळली जातात.

लातूरची_लेक

मस्त धागा. आमचा सण तुमच्या यादीत असणं शक्यच नव्हतं, म्हणून लिहिते. वेळ अमावास्या. आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येते. लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे जोरात असते. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. बाजारपेठ बंद, सगळे शेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडून पूजा होते आणि ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असं म्हणत रानात आंबील शिंपडतात.

जेवणात भज्जी आणि आंबील पाहिजेच. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. त्या हंगामात रानात जे असेल ते सगळं त्यात पडतं: तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगं, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात. चिंचेचा कोळ आणि ताक-बेसनाने दाट करायची, हिरवी मिरची-लसणाची सणसणीत फोडणी. आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आदल्या दिवशी करून मातीच्या भांड्यात ठेवायची. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी.

लग्न होऊन वाकडला आले तेव्हा पहिल्या वर्षी वाटलं, शेत नाही, कोप नाही, कसली येळवस! मग सोसायटीतच आमच्याकडची दोन घरं निघाली, एक अहमदपूरचं आणि एक उमरग्याचं. आता भज्जी मी करते, आंबील अहमदपूरच्या काकू करतात, उंडे उमरग्याचे दादा स्वतः वळतात. रविवारी नाही, त्याच दिवशी करतो, संध्याकाळी साडेसातनंतर गच्चीवर. मुलांना कडब्याची पेंढी कुठून दाखवणार म्हणून दादांनी हडपसरच्या बाजूहून उसाचे वाढे आणून त्याची टीचभर कोप केली होती. माझी मुलगी त्या कोपीतून उठायलाच तयार नव्हती.

रानभाजी

@लातूरची_लेक, भज्जीत तुरीचे दाणे आधी उकडून घेता का? पुण्यात ओल्या तुरीच्या शेंगा डिसेंबरात मंडईत मिळतात, पण कधीकधी जून असतात.

लातूरची_लेक

हो, तूर, वाटाणा आणि सोलाणे आधी उकडून घ्यायचे, पालेभाजी शेवटी. जून दाणे असतील तर कुकरला एक शिट्टी जास्त.

औंध_ते_हिंजवडी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. राग मानू नका.

हे सगळं वाचायला छान वाटतं. पण माझ्या लहानपणी आमच्या घरी हे सगळे लहान सण साग्रसंगीत व्हायचे आणि ते सगळे एकट्या आईच्या डोक्यावर होते. ती शाळेत शिक्षिका. पहाटे चारला उठून पुरण शिजवायचं, सोवळ्यात नैवेद्य, मग धावतपळत बस. संध्याकाळी आल्यावर सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तिचं जेवण. आम्ही सगळे ‘आजच्या पुरणाला गोडी कमी आहे’ म्हणायला मोकळे. श्रावणात तिचं वजन उतरायचं, आणि घरात त्याचं कौतुक व्हायचं.

म्हणून ‘परंपरा टिकवा’ असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: कोणाच्या कंबरेवर? सिंहगडरोडकर ताई, तुम्ही ‘सगळ्यांचे हात लागून’ म्हणालात, ते खरंच होतं का? बहुतेक घरी मदत म्हणजे पाच मिनिटं वाटाणे सोलणं, बाकी बाईच. असं असेल तर हे सण गेलेले बरे, असं मला मनापासून वाटतं.

निवांत

+१. अगदी मनातलं.

बाणेरबाई

औंध यांच्याशी सहमत. आणि म्हणूनच मी विकत आणते. पोळी-भाजी केंद्रात हल्ली दिंड (पुरण भरून घडी घातलेल्या, वाफवलेल्या पुऱ्या), उकडीचे मोदक, भोगीची भाजी, सगळं ऑर्डर देऊन मिळतं. त्या बायकांना रोजगार मिळतो, माझा दिवस जात नाही. यात कमीपणा कसला?

खमंग_काकू

कमीपणा अजिबात नाही. पण काही पदार्थांना विकतचं मानवत नाही, एवढंच माझं म्हणणं. मागे आजारी असताना एका केंद्रातून दिंड मागवले होते (नाव घेत नाही). आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलेले. कडा चामट, आतलं पुरण कोरडं. दिंड वाफेवरून उतरले की दहा मिनिटांत, वर तुपाची धार सोडून खायचे, तेव्हाच त्यांची चव. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी मुरते, दिंड मुरत नाहीत.

सिंहगडरोडकर

@औंध_ते_हिंजवडी, राग कसला. हा प्रश्न विचारायलाच हवा होता आणि माझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची अटही तीच आहे. आमच्याकडे कसं चालतं ते सविस्तर सांगते, मग तुम्हीच ठरवा.

ज्याचा सण त्याची जबाबदारी, अशी वाटणी आहे. चंपाषष्ठी नवऱ्याची, कारण खंडोबा त्यांच्या घरचं कुलदैवत. तो आदल्या दिवशी मंडईतून मोठी, कमी बियांची वांगी निवडून आणतो. हातात हलकी लागतात ती घ्यायची, जड असतील तर आत बिया भरलेल्या असतात. भाजणं, सोलणं, ठेचणं, बाजरीचे रोडगे, तळी भरणं आणि नंतरचा ओटा पुसणं, हे सगळं त्याचं. मी त्या दिवशी ऑफिसातून येऊन ताटावर बसते. दिव्याची अवस मुलांची. दिवे घासायचे त्यांनी, कणीक मळायची त्यांनी. मुलगा अकरावीत आहे, मुलगी सातवीत. नागपंचमी माझी. भोगी सासूबाईंची, पण तेव्हा त्या फक्त खुर्चीवर बसून सांगतात, हात आमचे.

‘मदत कर’ म्हटलं की मदतच होते, म्हणजे वाटाणे सोलणं. ‘हा सण तुझा आहे’ म्हटलं की वांगी जळाली तर त्याची, छान झाली तर त्याची.

आणि सोवळं आम्ही सोडलं. सासूबाईंनीच सोडलं, मी सांगितलं नाही.

औंध_ते_हिंजवडी

हे पटलं. विशेषतः ओटा पुसण्यासकट. मी हे आमच्या घरी मांडून बघणार आहे, भोगी माझ्याकडे घेतो.

कर्वेनगरचे_आजोबा

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून टंकण्याचे कष्ट घेतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सातवीत होतो. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माणसं वाचली, तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते गेलं. तांब्या-पितळेची भांडी, पाटा, जातं, आईचं पुरणयंत्र. आम्ही मामाकडे रास्ता पेठेत एका खोलीत आलो. त्याही वर्षी अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे नागपंचमी यंदासारखीच ऑगस्टच्या मध्यावर आली. पुराला महिना उलटला होता.

त्या खोलीत चूल आणि अंथरूण यांच्यात दोन हातांचं अंतर. आईने वाण्याकडून हरभऱ्याची डाळ उधार आणली, आदल्या रात्री शेजारणीच्या पाट्यावर पुरण वाटलं. पंचमीला चिरणं, कापणं, तळणं आमच्याकडे चालत नाही, तवा चढत नाही. मोदकपात्र नव्हतं, म्हणून पातेल्याच्या तोंडाला धोतराचं फडकं ताणून बांधलं, त्यावर दिंड ठेवून वर परात उपडी घातली. वडील तोवर कधी चुलीजवळ दिसलेले नव्हते. पण एका खोलीत बाहेर बसणार कुठे? तेही पुरी लाटून तिच्यात पुरण ठेवून घड्या घालायला लागले. आईच्या घड्या लिफाफ्यासारख्या चौकोनी यायच्या, वडिलांच्या तिरप्या. आम्ही भावंडं तिरपे आधी मागायचो.

नंतर गोखलेनगरला जागा मिळाली, स्वतंत्र स्वयंपाकघर आलं. तरी पंचमीला वडील आत येऊन बसत. हे शेवटपर्यंत चाललं. आज मी बसतो, सून लाटते, नातू पुरण भरतो.

मिसळण

आजोबा, नमस्कार करते. असं अजून लिहा.

पेठेतला

फडक्यावरचे दिंड! आजोबा, फडकं ओलं करून पिळून बांधायचं का? नाहीतर चिकटत असतील.

कर्वेनगरचे_आजोबा

ओलं, घट्ट पिळलेलं. आणि बांधल्यावर वर तुपाचं बोट.

जळगावचा_पोरगा

मी खराडीला तीन मित्रांबरोबर राहतो. एक नागपूरचा, एक सांगलीचा, एक चिपळूणचा. कोणालाही स्वयंपाक शिकवून घरून पाठवलेलं नाही. :)

आमच्याकडे भरिताला सणच लागत नाही, हिवाळा लागला की भरीत पार्ट्या सुरू. पण सिंहगडरोडकर ताईंनी चंपाषष्ठी म्हटलं म्हणून सांगतो, गेल्या वर्षी आम्ही फ्लॅटवर केली. सांगलीवाल्याच्या घरी खंडोबा, भरीत माझं, आणि भाकरी चिपळूणच्या मित्राची, कारण त्याला तांदळाची भाकरी थापता येते म्हणून बाजरीची पण येईल असं आम्ही ठरवलं. आली.

आमचं भरीत म्हणजे हिरवी-पांढरी लांबोडकी वांगी, तुराट्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. इथे गॅसवर भाजतो, धुराचा वास कमी येतो पण चालतं. साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं. मिक्सर लावला तर त्याचा लगदा होतो, रेषा राहत नाहीत. हिरवी मिरची आणि लसूण भाजून त्यातच ठेचायचे. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही. पुण्यात टोमॅटो घातलेलं, दही घातलेलं भरीत खाल्लंय, चांगलं लागतं, पण ते वेगळं.

पेठेतला

दह्यातल्या भरिताबद्दल एक शब्द बोलाल तर शनिवारवाड्यावर भेटू!

जळगावचा_पोरगा

या, बडगी घेऊन येतो. :)

निवांत

अवांतर: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्याकडे खापरावरचे मांडे करतात ना? ते पुण्यात कोणी करतं का?

जळगावचा_पोरगा

हो, आई करते. गव्हाच्या पिठाची पुरण भरलेली पोळी हातावर झेलत झेलत वाढवायची आणि उपड्या खापरावर टाकायची. हात कोपरापर्यंत भरतात. आई पुण्यात आली तरी खापर नाही म्हणून करत नाही. आखाजीला मी घरी जातो, त्यावर तडजोड नाही.

सोमवारचा_उपास

सगळ्यांना एक प्रश्न. १७ तारखेला नागपंचमी आणि पहिला श्रावणी सोमवार एकच दिवस. घरी आम्ही दोघं सोमवार करतो. मग दिंडांचं काय? आणि आदला दिवस नागचतुर्थी, भावाचा उपास. म्हणजे रविवारीही उपास, सोमवारीही.

खमंग_काकू

श्रावणी सोमवार बहुतेक घरी संध्याकाळी सोडतात. दिंडांचा नैवेद्य संध्याकाळी दाखवा आणि उपास त्यावरच सोडा. सकाळी नागाला दूध-लाह्या. शिवामूठ तांदळाची, पहिला सोमवार म्हणून. ते तांदूळ नंतर गरजू घरी पोचवा.

पेठेतला

आमच्याकडे उपास सोडताना मीठ-भात आधी लागतो, गोडावर सोडत नाहीत.

खमंग_काकू

मग आधी वरण-भात, नंतर दिंड. ज्याच्या घरी जसं.

कोकणकन्या

किंवा पातोळ्या करा! आमच्याकडे नागपंचमीला दिंड नाहीत, पातोळ्या. तांदळाच्या पिठाचं सैलसर पीठ हळदीच्या पानाला सारवायचं, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून उकडायचं. पान सोलताना वाफेबरोबर जो वास येतो त्यासाठी मी श्रावणाची वाट बघते. सोपं आहे, लाटणं लागत नाही, घाईच्या दिवशी दिंडांपेक्षा लवकर होतं.

आई_दोन_लेकींची

श्रावणी शुक्रवारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे जिवतीचा कागद लावतात. वर नरसिंह, मग कालियामर्दन, मध्ये जिवत्या आणि खाली बुध-बृहस्पती. दर शुक्रवारी पूजा, दूध-साखर, चणे-फुटाणे, पुरणाचा नैवेद्य आणि मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळणं. सासरी ओवाळायचं ते फक्त मुलाला. आम्हाला दोन मुली. पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारलं, ‘मग आता कोणाला ओवाळणार?’ मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, ‘जिवती लेकरांची आहे, या दोघी कोण मग?’ तेव्हापासून दोघींना पाटावर बसवून ओवाळते. आता थोरली कॉलेजात आहे, शुक्रवारी सात वाजता घरी असते, न सांगता.

पुरण दर शुक्रवारी मोठं घालत नाही. वाटीभर डाळ कुकरला, तेवढाच गूळ, वेलची-जायफळ. पाच पुरणाचे दिवे आणि उरलेलं वाटीत तूप-दूध घालून. पोळ्या फक्त शेवटच्या शुक्रवारी.

लातूरची_लेक

किती छान. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

कोकणकन्या

पिठोरीला आमची आई खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून मागे न बघता विचारायची, ‘अतित कोण?’ आणि आम्ही मागून एकेक करून ‘मी!’ म्हणत ताटातलं घ्यायचो. तिथेही मुलगा-मुलगी असं नव्हतं. ज्याने आधी ओरडलं त्याला मोठी पुरी.

रानभाजी

गणपती १४ सप्टेंबरला आहेत, लगेच ऋषिपंचमी, तेव्हा ऋषीच्या भाजीबद्दल. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा त्या दिवसाचा नियम, म्हणून परसातलं आणि आपोआप उगवलेलं. अळू, माठ, लाल भोपळा, भेंडी, शिराळी, पडवळ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. मसाला नाही, हिरवी मिरची, ओलं खोबरं, चिंच.

चिंच चवीपुरती समजून कमी करू नका. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, तीच खाज. आंबट पडलं आणि नीट शिजलं की ती जाते. देठ सोलताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावा. आमच्याकडे ही भाजी मी आणि भाचा करतो. अख्खी भाजी बिनतेलाची, शेवटी चमचाभर लोणी.

बाणेरबाई

मंडईत ऋषीची भाजी चिरलेली, एकत्र मिळते. ती चालेल ना, की तेही विकतचं? :)

रानभाजी

चालेल की. फक्त सुरण आणि अळू वेगळं मागून घ्या. चिरलेल्या वाट्यात ते नावापुरतं असतं आणि भाजीला खरी चव त्यांचीच.

गच्चीवाली

रथसप्तमीला दूध उतू घालवणं कोणी करतं का अजून? आम्ही करतो. मातीचं बोळकं, गोवरीचे तुकडे, दुधात थोडे तांदूळ आणि साखर. उकळी येऊन पूर्वेकडे उतू गेलं की मुलं टाळ्या वाजवतात. उरलेली घट्ट खीर, करपट वासाची, सगळ्यांना चमचा-चमचा. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या कमिटीने धुरामुळे गच्चीवर बंदी घातली. भांडण न करता आम्ही पत्र दिलं: एकच बोळकं, सकाळी साडेसात, पाण्याची बादली शेजारी, ज्याला यायचं त्याने यावं. पहिल्या वर्षी चार घरं आली. यंदा कमिटीचे सेक्रेटरी स्वतःचं दूध घेऊन आले होते.

औंध_ते_हिंजवडी

हे भारी. लहान सण शेजाऱ्यांबरोबर केले तर ओझंही वाटलं जातं, येळवसच्या उदाहरणात पण तेच दिसलं.

बरं, भोगी माझ्याकडे घेतली आहे तर आता शिकवा. भाजीत नक्की काय काय?

खमंग_काकू

शाब्बास! पावटा, मटार, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, छोटी वांगी, घेवडा, ओले शेंगदाणे, बटाटा, दोन-चार बोरं, उसाचे करवे. सगळ्यात महत्त्वाचं तिळाचं कूट. तीळ मंद आचेवर भाजा, तडतडायला लागले की लगेच उतरवा, गडद झाले की कडू. तिळाचं आणि दाण्याचं कूट निम्मं निम्मं, गोडा मसाला, गूळ, थोडी चिंच. बोरं शेवटच्या पाच मिनिटांत टाका. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं आमच्याकडे म्हणतात, तेव्हा कोणाला वगळू नका.

भाकरीसाठी बाजरीचं पीठ ताजं दळून आणा. जुनं पीठ कडवट होतं. आणि जमली नाही तर भाकरी विकत आणा, भाजी मात्र स्वतः करा. बाणेरबाईंचंही ऐकलं पाहिजे ना थोडं.

बाणेरबाई

काकू, मन जिंकलंत. दिव्याची अवस मी यंदा घरी करणार. पण दिव्यांची पाककृती द्या, बुधवारी साडेसातला घरी येते.

खमंग_काकू

मग मंगळवारी रात्री पाव वाटी पाण्यात अर्ध्या वाटीला थोडा कमी गूळ भिजत घाला, सकाळपर्यंत विरघळतो. बुधवारी आल्यावर ते पाणी गाळून त्यात वाटीभर कणीक, दोन चमचे बारीक रवा, चिमूट मीठ, वेलची आणि चमचाभर पातळ तूप घालून घट्ट मळा. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, नाहीतर दिवे वाफेवर बसतात. दहा मिनिटं झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा, अंगठ्याने खळगा, कडेला एक चिमटा वातीसाठी. चाळणीला तूप लावून बारा ते पंधरा मिनिटं वाफवा. आधी तुपाची वात लावून घरातले समया-निरांजन-कंदील सगळे मांडून पूजा करा, मग वात काढून गरम दिवा कुस्करून वर तूप किंवा दूध घालून खा. साडेसातला आलात तर सव्वाआठला पानं होतात.

सिंहगडरोडकर

आमची मुलं मागच्या वर्षी घरातल्या दिव्यांबरोबर बॅटरी, सायकलचा दिवा आणि टेबल लॅम्पही पाटावर मांडून बसली होती. सासूबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं.

सगळ्यांचं वाचून यंदाचं ठरवलं. बुधवारी दिवे, मुलांकडे. १४ ला पहिला शुक्रवार, वाटीभर पुरण, आई_दोन_लेकींची यांच्यासारखं. १७ ला संध्याकाळी वरण-भात आणि पातोळ्या. दिंड शनिवारी, १५ ऑगस्टच्या सुट्टीला सगळे मिळून करू. त्याच दिवशी, ही माझी अट मी नागपंचमीपुरती पातोळ्यांवर भागवते. येळवससाठी लातूरची_लेक यांच्याकडून भज्जीचं सामान विचारून घेईन.

कोकणकन्या, हळदीची पानं पुण्यात कुठे मिळतील? आणि इडलीपात्रात पातोळ्या होतील का?

कोकणकन्या

श्रावणात मंडईत, केळीची पानं आणि पत्री घेऊन बसतात त्यांच्याकडे मिळतात. रविवारीच आणा, सोमवारी सकाळी दहापर्यंत संपतात. लांब आणि न फाटलेली निवडा, धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये नको. इडलीपात्राच्या ताटल्या काढून आत चाळणी ठेवली की होतात. पान लांब असेल तर मधून दोन तुकडे करा, पण ते रविवारी रात्रीच. सोमवारी कात्री चालवायची नाही!